चंपत पाण्यात उतरले नाही

१

मेघा परातेच्या कादंबरीतला चंपत पहिल्या खर्ड्यात नदीत बुडून मेला. दुसऱ्यात मेला, तिसऱ्यात मेला, चौथ्यात मेला, आणि पाचव्यात तर इतका सुरेख मेला की लिहिता लिहिता मेघा स्वतःच हमसून रडली. उद्या सकाळी पुस्तक छपाईला जायचं, आणि आज शेवटचं प्रूफ उघडून पाहते तर काय, गडी जिवंत. नुसता जिवंत नाही, बसस्टँडवर जाऊन उभा.

"हे मी लिहिलं नाही, बाई," मेघा म्हणाली. "माह्या पुस्तकात कोणीतरी घुसलं."

सिंधूताई मेश्राम मनीषनगरच्या त्या फ्लॅटमध्ये नुकत्याच पोचल्या होत्या. मे महिन्याचं ऊन, त्यात स्कूटी. दुपट्टा सोडत त्या कूलरसमोरच्या नवारीच्या खाटेवर बसल्या आणि लगेच 'आई गं' करून उठल्या. पट्टीची गाठ टोचली होती.

"कोण्या खट्याळानं विणली वं ही? गाठ उलटी वर काढून ठेवली."

ती खाट मेघाच्या वडिलांची. रुपराव पराते खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले तेव्हा नवी विणून घेऊन आले होते. रुपराव मागच्या वर्षी गेले. खाट कोणाला हलवू देत नाही मेघा. सिंधूताई जरा सरकून बसल्या.

आता या सिंधूताई कोण, तर मेघाच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या, आणि कॉपी पकडण्यात अख्ख्या नागपुरात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचा मंत्र एकच: बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असते, चूक मात्र ज्याची त्याची असते. निवृत्त झाल्यावर चुका मिळेनाशा झाल्या आणि बाईंना करमेनासं झालं. म्हणून मेघाचा फोन आला तेव्हा वरकरणी 'अरेरे' म्हणत त्या अशा निघाल्या की चष्म्याचं घर टीव्हीवरच राहिलं.

कादंबरीचं नाव 'उलटी गाठ'. खाप्याच्या विणकर घराची गोष्ट, खरं तर मेघाच्याच घराची. तिचा काका चंपत तरुणपणी तिथल्याच कन्हान नदीत बुडाला होता. 'नावच चंपत, होणारच होता चंपत,' असं म्हणून मोठी माणसं विषय बदलायची. तो डावखुरा. मागावर सूत तुटलं की त्यानं मारलेली गाठ सगळ्यांच्या उलट बसायची, आणि आजीच्या लुगड्यावर तशा गाठी मेघानं लहानपणी बोटांनी चाचपल्या होत्या. त्यावरून पुस्तकाचं नाव.

पहिले तीन खर्डे तिनं पुस्तकी मराठीत लिहिले. तेव्हा बाईच फणकारल्या होत्या की हे विणकर 'मला-तुला' काहून बोलून राहिले, पुण्याहून आले का खाप्याले? मेघाला पटलं. तिनं महालातल्या सौरवला, जो पानं लावून देतो, सगळे खर्डे पाठवले आणि सांगितलं की 'ला' चं 'ले' करून टाक. त्या पठ्ठ्यानं एक बटन दाबलं. 'मला'चं 'मले' झालं, ठीक. पण 'लाकूड'चं 'लेकूड' झालं, 'लाज' होती तिची 'लेज' झाली. हा तो चौथा खर्डा. पुढचा अख्खा हिवाळा मेघा लाल पेन घेऊन एकेक प्रकरण निस्तरत बसली, तेव्हा कुठे पाचवा तयार झाला. बाई या गोष्टीवर अजून हसत असत.

आज मात्र कोणी हसत नव्हतं. मेघानं परक्या प्रकरणाचं पहिलं पान पुढे केलं. सिंधूताईंनी मेघाचाच चष्मा नाकावर चढवला आणि वाचलं:

'चंपत कन्हानच्या काठावर आले. निळ्या काठाचा पंचा दगडाखाली दाबून उठले. पाण्यात उतरले नाही. सखूबाई बसस्टँडवर वाट पाहत उभी होती. चंपत तिच्याजवळ जाऊन थांबले.'

"आले, उठले, थांबले," बाई पुटपुटल्या. "लिहिणारा चंपतले मान देऊन राहिला. तू तर 'आला-गेला' लिहितेस." 'उतरले नाही' ऐवजी 'नाहीत' हवं होतं, हेही त्यांच्या डोळ्याला खुपलं, पण आपल्याकडे असं बोलतातच म्हणून त्यांनी सोडून दिलं.

बाकीची पानं कुठेत म्हणून विचारलं तर मेघा खाली बघायला लागली. एकच पान वाचून तिचं डोकं फिरलं होतं. ती सकाळीच वैदेहीच्या, म्हणजे आपल्या सख्ख्या मैत्रिणीच्या दारात गेली, उरलेली पानं तिच्या अंगावर फेकली आणि 'आजपासून तू मले मेली' असं सांगून आली.

"संध्याकाळपर्यंत कोणाचं काम हे कळलं नाही, तर मी पुस्तक मागं घेते," मेघा म्हणाली. "दुसऱ्याच्या शेवटावर माहं नाव नाही पाहिजे."

सिंधूताईंनी स्कूटीची किल्ली उचलली.

२

धंतोलीतले प्रकाशक प्रेमानंदजी गोड माणूस, आणि म्हणूनच बाईंचा पहिला संशय त्यांच्यावर. पाचवा खर्डा हातात आला तेव्हाच ते म्हणाले होते की नायकाला मारू नका, वाचक रडत घरी जाते अन् दुसरं पुस्तक घेत नाही.

बाईंनी आडवळणानं विचारलं, शेवट कसा वाटला? प्रेमानंदजी खुर्चीतून अर्धे उठले. काल रात्री प्रूफ वाचलं, म्हणाले, आणि झोपच आली नाही. पाचव्या खर्ड्यातलं मरण नक्षीदार होतं, पण हा शेवट कसा, साधा अन् खरा. आपलं ऐकून मेघाताईंनी इतकं बदललं म्हणून सकाळपासून ते सगळ्यांना पेढे वाटत होते. एक बाईंच्याही हातावर ठेवला.

सिंधूताईंनी पेढा खाल्ला आणि त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. चोरी करणारा पोरगा पेपरात किती मार्क पडतील याची काळजी करतो, वर्गात पेढे वाटत नाही. शिवाय प्रेमानंदजी बोलताना सारखे 'तुमचा तो चंपत' म्हणत होते, मानबिन काही नाही.

निघताना प्रेमानंदजींनी एक गोष्ट सांगितली आणि बाई जिन्यातच थबकल्या. पानं त्यांच्याकडे आली ती थेट सौरवकडून. मध्ये कोणाचाही हात लागला नव्हता.

३

महालातल्या सौरवच्या खोलीत दोन संगणक, एक पंखा आणि गुडघ्यापर्यंत लग्नपत्रिका. 'चंपतभाऊचं मॅटर ना काकू?' असं त्यानंच विचारलं, आणि बाईंचे कान टवकारले. चंपतभाऊ! मान देणारा सापडला की काय?

पण सौरव सगळ्यांनाच भाऊ म्हणत होता. पंखा दुरुस्त करणाऱ्यालाही, आणि पंख्यालाही.

त्यानं फोल्डर उघडून दाखवलं. मेघानं पाच खर्ड्यांत शेवट इतक्यांदा बदलला होता की बाईंना चक्कर यायची बाकी राहिली. शेवट, शेवट नवा, शेवट फायनल, शेवट फायनल दोन. आणि सगळ्यांच्या खाली एक: 'शेवट खरा'. पुस्तकात लागलं होतं ते हे.

ही फाईल कधीची, हे पाहायला जावं तर सगळ्यांवर तारीख एकच. सौरवनं ते 'ला-ले'चं बटन सगळ्या फोल्डरवर एकदमच दाबलं होतं, त्या दिवसाची.

"पण ही तूच काहून लावली गा? मेघानं तर 'फायनल' दुरुस्त करून देला होता."

"ताईनंच सांगतलं, काकू. फोनवर. म्हणे जुने सगळे सोड, शेवट खरा तोच लाव. मी तोच लावला."

बाईंनी तिथूनच मेघाला फोन लावला. मेघा भडकली. 'शेवट खरा' नावाची फाईल तिनं आयुष्यात केली नव्हती, आणि असलं काही सौरवला सांगितलंही नव्हतं. सौरवनं आईची शपथ घेतली. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि सिंधूताईंना दोघांचेही आवाज खरे वाटत होते.

४

राहिली वैदेही. ती स्वतः कथा लिहायची. मेघा उमरेडच्या लग्नाला गेली तेव्हा लॅपटॉप हिच्याचकडे होता, आणि 'मी असती तर शेवट बदलला असता' असं ती उघड बोललेली. चोर ठरवायला इतकं पुष्कळ होतं.

दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मेघानं फेकलेली पानं तिनं एकेक करून उचलली होती, हातानं सरळ केली होती आणि पोळपाटाखाली दाबून ठेवली होती. ती बाईंना म्हणाली की मी लिहिलं असतं तर खाली सही केली असती, लपवायला मी काही वेडी नाही. मग पानं पुढे करत हळू आवाजात म्हणाली, "बाई, ज्यानं लिहिलं त्यानं हे पाह्यलेलं हाये. टायपिंगच्या चुका फार, पण असं मनानं रचता येत नाही. मले तरी नाही येत."

टायपिंगच्या चुका म्हटल्यावर सिंधूताईंना जिलेबीची कढई दिसावी तसं झालं. त्या उंबरठ्यावरच बसल्या आणि वाचू लागल्या.

'दोघं बसस्टँडच्या लेकडी बाकावर बसली. सखूबाईनं दिलेसा दिले तेव्हा चंपत हसले. मग गाडी आली आणि ते खापरखेड्याच्या रस्त्याले लेगले.'

बाईंनी ओळ पुन्हा वाचली. मग त्या एवढ्या जोरात हसल्या की शेजारीण बाहेर आली.

"लेकडी," त्या वैदेहीला म्हणाल्या. "पोरी, लेकडी! दिलेसा! तू सुटलीस, सौरव सुटला, सगळे सुटले." आणि वैदेही काही विचारेल त्याआधी स्कूटी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

५

मेघाला खाटेवर बसवून सिंधूताईंनी पानं तिच्या मांडीवर ठेवली. बाईंनी चष्मा वर सरकवला, कॉपी पकडताना सरकवायच्या तसाच.

"जगात कोणी माणूस 'लेकडी' टाइप करते का? नाही. थे बटनानं होते. बटन एकदाच दाबलं, चौथ्या खर्ड्याच्या दिवशी. म्हणजे हे पान त्या दिवशी फोल्डरमध्ये आधीच होतं. तू आपली प्रकरणं निस्तरलीस, हे तुले माहीतच नव्हतं, म्हणून याचं लेकूड लेकूडच राहिलं."

मग बाईंनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. लिहिणाऱ्यानं मान वगैरे काही दिला नव्हता. त्यानं 'आला, उठला, थांबला' असंच लिहिलं होतं, बटनानं त्याचं 'आले, उठले, थांबले' केलं. म्हणून तर 'नाही'ला 'त' नव्हता. मूळचं वाक्य 'पाण्यात उतरला नाही' असं होतं. आणि सौरवही खोटा नव्हता, मेघाही नव्हती. फोनवर ती घाईत म्हणाली असणार, शेवट, खरा तोच लाव. त्यानं ते फाईलचं नाव समजून लावलं.

"प्रेमानंदजी पाचव्या खर्ड्याले आले. वैदेहीनं चौथ्यानंतर वाचलं. सौरवनं फोल्डर आला त्या दिवशीच बटन दाबलं. राहिला तिसरा खर्डा. थो कोणं टाइप केला होता, मेघा?"

मेघानं आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी तिच्या हाताला प्लास्टर होतं. ती सांगायची आणि वडील एका बोटानं टाइप करायचे, याच खाटेवर बसून. चंपत बुडण्याचं प्रकरण सांगताना ती रडली होती, आणि रुपराव चष्मा पुसत राहिले होते. शेवटी म्हणाले होते, तू झोप वं, मी जरा आवरून ठेवतो.

"बाबा," मेघा म्हणाली. तिनं पानं अशी हातात घेतली की जणू ती फाटतील.

उरलेलं दोघींनी मिळून वाचलं, प्रत्येक 'ले'चं मनात 'ला' करत. सखूबाई बौद्ध घरची होती. आजोबा मारोतरावांनी सांगून टाकलं होतं की ती या घरात आली तर त्याच दिवशी आपल्याला मेलं समजून आपली तेरवी करा. म्हणून चंपतनं आपलीच तेरवी करून घेतली. काठावर पंचा ठेवला आणि तो सखूबाईसोबत निघून गेला. शेवटच्या ओळी अशा होत्या की खापरखेड्याच्या कॉलनीच्या गेटबाहेर एक म्हातारा खाटा विणतो, लोक त्याला गोविंदा म्हणतात, आणि तो डावखुरा आहे.

मेघाचा चेहरा उजळला आणि तसाच विझला. बाबांनी तिची समजूत काढायला गोड शेवट रचला असेल तर? पाच खर्डे तिनंही रचलेच होते.

सिंधूताई उठून उभ्या राहिल्या. सकाळपासून मांडीला टोचणारी ती जागा त्यांनी चोळली, आणि त्यांचे डोळे एकदम मोठे झाले.

"उठ वं," त्या म्हणाल्या. "खाट उलटी कर."

खाट उलटी केली. नवारीची प्रत्येक गाठ उलट्या अंगानं बसलेली होती. मेघानं त्यावरून बोट फिरवलं. आजीच्या लुगड्यावर फिरवायची तसंच फिरवलं. रुपराव ही खाट घेऊन आले तेव्हा चंपतला बुडून कितीतरी वर्षं झाली होती.

"डावखुरे जगात पुष्कळ असतात," बाई म्हणाल्या. "पण फाईलले 'शेवट खरा' नाव देणारा बाप एकच. चाल, ऊन उतरून राहिलं."

जिना उतरता उतरता मेघानं वैदेहीला फोन लावला. ती माफी मागू लागली. वैदेही म्हणाली की माफी नंतर मागशील, आधी जाऊन ये, मी इथंच हाये.

६

कॉलनीच्या गेटबाहेर टिनाच्या सावलीत म्हातारा खाट विणत होता. उजव्या हातानं पट्टी ताणून धरायची, डाव्यानं ओवायची. मेघा स्कूटीवरून उतरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

म्हाताऱ्यानंच मान वर केली. तिच्याकडे पाहत राहिला आणि पट्टी हातातून सुटली.

"रुप्याची पोरगी ना तू?" तो म्हणाला. "रुप्याच्या मयतीले घाटावर पाह्यलं मी तुले. मागं उभा होतो."

आतून सखूबाई पाण्याचा गडवा घेऊन आल्या आणि मेघाला पाहून गडवा तसाच हातात धरून दारात थांबल्या. मेघा आधी काकांच्या आणि मग काकूंच्या पाया पडली, आणि मग ती जी रडायला लागली ती सखूबाईंनी पदरानं तोंड पुसेपर्यंत थांबली नाही. सिंधूताईंनी दुसरीकडे पाहायचा प्रयत्न केला. जमला नाही.

काकांना सगळं सांगून झालं, मग काकांनी सांगितलं. रुपरावांनी मारोतरावांच्या मरणानंतरही तोंड उघडलं नव्हतं. आपली आई, म्हणजे मेघाची आजी, जिवंत असताना बोलावं तर तिनं एवढी वर्षं घातलेलं पितराचं पान खोटं ठरलं असतं, आणि आई गेल्यावर बोलायची सवयच राहिली नव्हती. कामाच्या पाळीवरून सुटले की रोज मात्र या टिनाखाली चहा प्यायचे.

मग मेघानं पानं काढली आणि वडिलांचं प्रकरण मोठ्यानं वाचलं, लेकडीचं लाकडी करत. चंपतराव डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"बरोबर लिहिलं रुप्यानं," ते म्हणाले. "पण एक खोटं हाये."

सिंधूताई पुढे सरकल्या.

"काठावर मी एकटा नव्हतो. रुप्या होता. अन् थो पंचा माहा नव्हताच, त्याचा होता. एकाच मागावरचे दोन पंचे आमचे. माह्याजवळ अंगावरचा एकच कपडा होता, रुप्या म्हणे तुहा तू बांधून जा. आपला काढून त्यानं दगडाखाली ठेवला, अन् उघड्या अंगानं घरी जाऊन रडत सांगतलं, चंपत गेला." त्यांनी पट्टी पुन्हा हातात घेतली, पण विणेनात. "साऱ्या गोष्टीत सोताले खोडून टाकलं त्यानं. त्याले आत घे, बेटा."

मेघानं तिथूनच प्रेमानंदजींना फोन केला. प्रेमानंदजी घाबरले, त्यांना वाटलं पुस्तक गेलं.

"मशीन उद्या नका लावू," मेघा म्हणाली. "सहावा खर्डा होऊन राहिला."

सखूबाईंनी चहा टाकला. मेघा खाटेवर बसून प्रुफाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागली: रुपराव सोबत होते. सिंधूताईंनी पिशवीतून लाल पेन काढलं आणि बाकीची पानं पुढ्यात ओढली. लेकडीचं लाकडी केलं, दिलेसाचं दिलासा केलं, लेगलेचं लागले केलं. मग पहिल्या पानावर आल्या. 'पाण्यात उतरले नाही.' इथं 'उतरला' करायला हवं होतं, मूळ तसंच होतं. बाईंनी टिनाखाली बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, खोडायला टेकवलेलं पेन उचललं, आणि 'नाही'च्या पुढे फक्त एक 'त' लिहिला.